कॉम्प्युटरला डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही? घाई करू नका, एकेक कडी तपासा

आपल्यापैकी बहुतेकांचे फोटो आणि व्हिडिओ आज फोनमध्ये असतात. पण आई-बाबांच्या लग्नाचा व्हिडिओ कुठे आहे? तुमच्या बारशाचा? शाळेच्या गॅदरिंगचा? बऱ्याच घरांत याचं उत्तर एकच असतं: कपाटातल्या एका गोल, चकचकीत डिस्कवर. आणि त्या डिस्कची दुसरी कॉपी कुठेच नसते.

मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, "अरे, ती सीडी जरा मोबाइलमध्ये घेऊन दे ना." तुम्ही जुना डेस्कटॉप सुरू करता किंवा यूएसबीवर चालणारी बाहेरची डीव्हीडी ड्राइव्ह आणून लॅपटॉपला जोडता. लाइट लागतो, आतून घरघर आवाजही येतो. पण 'धिस पीसी' उघडलं की तिथे ड्राइव्हच नाही. किंवा ड्राइव्ह आहे, पण डिस्क टाकली तरी ती म्हणते, "डिस्क टाका."

अशा वेळी बहुतेक जण दोन निष्कर्ष काढतात: ड्राइव्ह गेली, नाहीतर डिस्क गेली. बऱ्याचदा दोन्ही चुकीचे असतात. 'ड्राइव्ह दिसत नाही' या एका वाक्यामागे निदान पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून या लेखात आधी बिघाड कुठे आहे ते शोधू आणि मगच त्याला हात लावू.

(सूचना: पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. स्क्रीनवर सगळी नावं इंग्रजीत दिसतील, इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

सुरुवातीलाच: या तीन गोष्टी करू नका

१. विंडोजने "ही डिस्क कशी वापरायची आहे?" असं विचारलं, तर 'कॅन्सल' करा. या खिडकीत 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी' आणि 'सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी' असे दोन पर्याय येतात. ही खिडकी आली याचा अर्थ विंडोजला ती डिस्क कोरी वाटतेय. तुमच्या लग्नाच्या किंवा बारशाच्या डिस्कवर हा प्रश्न आला तर काहीतरी चुकलंय हे नक्की. 'नेक्स्ट' दाबलंत तर विंडोज डिस्कवर नव्याने लिहायला घेईल आणि आतला व्हिडिओ कायमचा हातचा जाऊ शकतो.

२. 'डीव्हीडी ड्रायव्हर फ्री डाउनलोड' शोधू नका. सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह चालवणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो, तो वेगळा आणावा लागत नाही. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरसोबत नको ती डोकेदुखी येते.

३. तडा गेलेली डिस्क ड्राइव्हमध्ये टाकू नका. ड्राइव्हमध्ये डिस्क प्रचंड वेगाने फिरते. तडा असेल तर आतच तुकडे होऊ शकतात, मग डिस्कही जाते आणि ड्राइव्हही.

कॉम्प्युटर ड्राइव्हला 'ओळखतो' म्हणजे काय?

ड्राइव्ह जोडल्यापासून पडद्यावर चित्र दिसेपर्यंत एक साखळी असते:

- वीज आणि केबल: ड्राइव्हला पुरेशी वीज मिळते का आणि डेटा जाण्याचा मार्ग जोडलेला आहे का?
- मदरबोर्ड: विंडोज सुरू होण्याआधी बायोसला ती ड्राइव्ह दिसते का?
- ड्रायव्हर: विंडोजने ड्राइव्हशी बोलणारा प्रोग्रॅम नीट सुरू केला का?
- अक्षर: ड्राइव्हला 'डी', 'ई' असं अक्षर मिळालं का?
- डिस्क: आतली डिस्क लेझरला वाचता येते का?
- प्लेअर: फाइल उघडणारं सॉफ्टवेअर आहे का?

यातली कुठलीही एक कडी तुटली की आपल्याला पडद्यावर दिसतं ते एकच: 'चालत नाही'. केबल सैल असताना रजिस्ट्रीत खुडबुड करून काही मिळत नाही आणि ड्रायव्हर अडकलेला असताना डिस्क पुसून उपयोग नाही.

तुमचं लक्षण कोणतं?

- ट्रे उघडत नाही, लाइट नाही, आवाज नाही: वीज किंवा केबल. पायरी १ बघा.
- लाइट लागतो, पण 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये नावच नाही: केबल, पोर्ट किंवा बायोस. पायरी १ आणि २.
- 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये नाव आहे, पण पिवळं चिन्ह आहे: ड्रायव्हर. पायरी ३ आणि ४.
- नाव आहे, पिवळं चिन्ह नाही, तरी 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही: अक्षर. पायरी ५.
- ड्राइव्ह दिसते, पण डिस्क उघडत नाही: डिस्क किंवा लेझर. पायरी ६.
- फाइल्स दिसतात, पण व्हिडिओ चालत नाही: प्लेअर. पायरी ७.

'डिव्हाइस मॅनेजर' उघडायला 'स्टार्ट' बटणावर राइट क्लिक करा, यादीत हे नाव मिळेल. आत 'डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्ह्स' या ओळीपुढचा बाण दाबा.

पायरी १: वीज आणि केबल

यूएसबी ड्राइव्ह वापरताय? मग सुरुवात इथूनच करा.

यूएसबी २.० चा पोर्ट साधारण ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० चा ९०० मिलिअँपिअर वीज देतो. डीव्हीडी ड्राइव्हमध्ये मोटर असते. डिस्क फिरायला लागते त्या क्षणी तिला जास्त वीज लागते. ती मिळाली नाही की ड्राइव्ह जोडली जाते, तुटते, पुन्हा जोडली जाते. विंडोजचा 'टिंग-टुंग' आवाज सारखा येत राहिला तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी.

काय करायचं:

- यूएसबी हब काढा आणि ड्राइव्ह थेट लॅपटॉपला जोडा.
- डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट सोडा, मागे मदरबोर्डला असलेला पोर्ट वापरा.
- ड्राइव्हच्या केबलला दोन यूएसबी टोकं असतील तर दोन्ही लावा. दुसरं टोक जादा विजेसाठीच दिलेलं असतं.
- लॅपटॉप चार्जरवर ठेवा.

आता फोनवाल्यांना माहीत असलेली एक गोष्ट. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. पॉवर बँकेसोबत आलेली अशी केबल ड्राइव्हला लावली तर लाइट लागेल, मोटरही फिरेल, पण कॉम्प्युटरला काहीच कळणार नाही. म्हणून जिच्यावरून फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घेता येतात, अशीच केबल लावून बघा.

डेस्कटॉपच्या आतली ड्राइव्ह असेल तर कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा आणि कॅबिनेट उघडा. ड्राइव्हला दोन जोडण्या असतात: रुंद ती विजेची, अरुंद ती डेटाची. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा. जमलं तर डेटाची केबल बदला किंवा मदरबोर्डवर दुसऱ्या जागी लावा. ही साटा केबल स्वस्त असते आणि वर्षानुवर्षं वाकून राहिल्याने खराबही होते.

ट्रे अडकलाय आणि डिस्क आतच आहे? कॉम्प्युटर बंद करून ड्राइव्हच्या तोंडावरच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपर क्लिप हळूच घाला, ट्रे थोडा बाहेर येतो.

पायरी २: बायोसला दिसते का?

ही तपासणी आतल्या ड्राइव्हसाठी आहे. कॉम्प्युटर सुरू होताना 'डिलीट', 'एफ२' किंवा 'एफ१०' दाबून बायोस उघडा (कंपनीप्रमाणे बटण बदलतं). स्टोरेज किंवा साटाच्या यादीत ड्राइव्हचं नाव शोधा. काहीही बदल न करता बाहेर पडा.

बायोसमध्ये नाव आहे, पण विंडोजमध्ये नाही, तर ड्राइव्ह बहुधा ठीक आहे आणि घोळ विंडोजमध्ये आहे. बायोसमध्येच नाव नाही, तर विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी फरक पडणार नाही. केबल, साटाची जागा, बायोसमध्ये बंद ठेवलेला पोर्ट किंवा स्वतः ड्राइव्ह यांतच काहीतरी आहे. एवढ्या एका तपासणीने निम्मं काम वाचतं.

पायरी ३: पिवळं चिन्ह आणि त्याचा कोड

'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये ड्राइव्हच्या नावावर डबल क्लिक करा. 'जनरल' टॅबमध्ये 'डिव्हाइस स्टेटस'च्या चौकटीत एक कोड दिसेल. लोक तो न वाचताच खिडकी बंद करतात, पण रोगाचं नाव तिथेच लिहिलेलं असतं.

- कोड १०: ड्राइव्ह सुरूच होऊ शकली नाही. आधी केबल आणि वीज बघा.
- कोड १९: रजिस्ट्रीतली या ड्राइव्हची नोंद अपुरी किंवा बिघडलेली आहे.
- कोड ३१: लागणारा ड्रायव्हर विंडोजला लोड करता आला नाही.
- कोड ३२: त्या ड्रायव्हरची सेवा बंद करून ठेवलेली आहे.
- कोड ३९: ड्रायव्हर बिघडलेला आहे किंवा सापडत नाही.
- कोड ४१: ड्रायव्हर लोड झाला, पण समोर ड्राइव्हच सापडली नाही.
- कोड ४५: ड्राइव्ह सध्या जोडलेलीच नाही.

आता साधा उपाय आधी. ड्राइव्हच्या नावावर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. घाबरू नका, यात ड्राइव्हचं किंवा डिस्कचं काही बिघडत नाही. विंडोज फक्त जुनी ओळख पुसतो आणि सुरू होताना ड्राइव्हला नव्याने ओळखतो. इथे 'शट डाउन' नाही, 'रीस्टार्ट'च करा. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर सिस्टिमची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते. 'रीस्टार्ट'मध्ये मात्र खरोखर नवी सुरुवात होते.

तरीही कोड १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ कायम आहे आणि केबलही ठीक आहे? मग पुढची पायरी तुमच्यासाठी आहे.

पायरी ४: रजिस्ट्रीत अडकलेले 'फिल्टर'

बऱ्याच वर्षांपासूनचा हा प्रसिद्ध बिघाड आहे. सीडी लिहिणारी, आभासी ड्राइव्ह बनवणारी किंवा गाणी बर्न करणारी काही सॉफ्टवेअर विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मधे आपला एक छोटा ड्रायव्हर बसवतात. त्याला फिल्टर म्हणतात. मुख्य ड्रायव्हरच्या वर बसला तर 'अपर फिल्टर', खाली बसला तर 'लोअर फिल्टर'. विंडोजवरच्या आयट्यून्ससोबतही असा एक फिल्टर येत असे.

अडचण येते ते सॉफ्टवेअर काढून टाकल्यावर. फिल्टरची फाइल जाते, पण रजिस्ट्रीच्या यादीत त्याचं नाव राहतं. हजेरीपटावर नाव आहे, पण माणूस कधीच नोकरी सोडून गेलाय, असा प्रकार. विंडोज त्या नावाची वाट बघतो, ते सापडत नाही आणि मग अख्खी ड्राइव्हच सुरू करायला नकार देतो. ड्राइव्ह चांगली, केबल चांगली, ड्रायव्हर चांगला, तरी पिवळं चिन्ह! विंडोजची आवृत्ती बदलल्यानंतर अचानक ड्राइव्ह गायब झाली असेल तर यावर पहिला संशय घ्या.

उपाय सोपा आहे, पण जागा नाजूक आहे. रजिस्ट्रीत चुकीची नोंद पुसली तर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही अशीही वेळ येऊ शकते. म्हणून प्रत्येक ओळ वाचून मगच हात चालवा.

१. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून लॉगिन करा.

२. 'स्टार्ट'मध्ये 'रजिस्ट्री एडिटर' शोधून उघडा आणि परवानगी द्या.

३. डावीकडे या क्रमाने आत जा: 'एचकी लोकल मशीन', 'सिस्टम', 'करंट कंट्रोल सेट', 'कंट्रोल', 'क्लास'.

४. 'क्लास'खाली महिरपी कंसातल्या लांबलचक क्रमांकांची यादी दिसेल. त्यातला ४डी३६ई९६५ ने सुरू होणारा निवडा. नीट वाचा: चार, डी, तीन, सहा, ई, नऊ, सहा, पाच.

५. खात्री करा. उजवीकडे 'क्लास' या नावापुढे 'सीडीरॉम' असंच लिहिलेलं हवं. नसेल तर तुम्ही चुकीच्या जागी आहात. शेजारचा ९६७ वाला क्रमांक हार्ड डिस्कचा आहे. तिथले फिल्टर विंडोजला स्वतःला लागतात. ते पुसले तर कॉम्प्युटर सुरू होणार नाही.

६. बरोबर जागा सापडली की डावीकडे त्या क्रमांकावर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट' करा आणि फाइल डेस्कटॉपवर ठेवा. काही चुकलंच तर या फाइलवर डबल क्लिक केल्यावर जुन्या नोंदी परत येतात.

७. आता उजवीकडे 'अपर फिल्टर्स' नावाची नोंद असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून 'डिलीट' करा. 'लोअर फिल्टर्स' असेल तर तीही. नावापुढे '.बॅक' लिहिलेली नोंद असेल तर ती तशीच राहू द्या.

८. 'रजिस्ट्री एडिटर' बंद करून रीस्टार्ट करा.

या दोन्ही नोंदी नसतीलच, तर तुमचा बिघाड हा नाही. तिथे आणखी काही पुसू नका, सरळ बाहेर या. आणि नोंदी पुसल्यानंतर सीडी लिहिणारं एखादं सॉफ्टवेअर रुसलं, तर ते पुन्हा इन्स्टॉल करा.

पायरी ५: अक्षर हरवलंय का?

'डिव्हाइस मॅनेजर' म्हणतो सगळं ठीक, पण 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्ह नाही. अशा वेळी ड्राइव्हला अक्षर मिळालेलं नसतं किंवा तिचं अक्षर दुसऱ्या कुणी घेतलेलं असतं.

'स्टार्ट'वर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या भागात 'सीडी-रॉम ०' अशी ओळ शोधा. तिच्यावर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडा. अक्षर नसेल तर 'ॲड', असेल तर 'चेंज'. पेन ड्राइव्ह पुढची अक्षरं घेत राहतात, म्हणून शेवटाकडचं 'आर' किंवा 'एस' असं एखादं द्या.

या खिडकीत तुमची हार्ड डिस्कसुद्धा दिसते. तिथे 'फॉरमॅट' किंवा 'डिलीट व्हॉल्यूम' यांच्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक गंमत: दिसणारी प्रत्येक डीव्हीडी ड्राइव्ह खरी असतेच असं नाही. विंडोज ८ पासून आयएसओ फाइलवर डबल क्लिक केलं की एक आभासी डीव्हीडी ड्राइव्ह तयार होते. पूर्वीचे इंटरनेट डोंगलही जोडल्यावर 'सीडी ड्राइव्ह' म्हणून दिसायचे, कारण त्यांचं सॉफ्टवेअर त्यातच असायचं. तेव्हा आपण नक्की कोणत्या ड्राइव्हशी झुंजतोय ते नाव वाचून बघा.

पायरी ६: ड्राइव्ह दिसते, पण डिस्क नाही

आता विंडोज निर्दोष. गाठ आहे डिस्क आणि लेझरची.

सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीला ६५० चा आणि ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा लेझर लागतो. म्हणून डीव्हीडी ड्राइव्हमध्ये ब्लू-रे डिस्क कधीच चालणार नाही. आणि म्हणूनच एकाच ड्राइव्हवर सीडी चालतात, पण डीव्हीडी नाही (किंवा उलट), असंही होतं: एक लेझर थकलेला असतो, दुसरा धडधाकट. ड्राइव्ह फार जुनी असेल तर ती फक्त सीडीचीच आहे का, हे ट्रेवरच्या चिन्हावरून बघा.

तपासायला दुकानातून घेतलेल्या एखाद्या सिनेमाची किंवा गाण्यांची डिस्क टाका. कारखान्यात छापलेली डिस्क वाचायला सोपी असते. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कवर माहिती रंगद्रव्याच्या थरात असते, तो थर ऊन आणि उष्णतेने फिका पडत जातो. छापील डिस्क चालली आणि लग्नाची नाही, तर ड्राइव्ह ठीक आहे असं समजा.

मग लग्नाच्या डिस्ककडे वळा:

- मऊ, स्वच्छ, किंचित ओलसर कापडाने मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल चरा लेझरच्या वाटेतच येतो आणि सलग माहिती झाकतो, सरळ चरा त्या मानाने कमी त्रास देतो.
- डिस्कची लेबलची बाजूही जपा. सीडीमध्ये माहितीचा थर लेबलच्या अगदी खाली असतो, तिथे ओरखडा गेला तर दुरुस्ती नाही.
- दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाकून बघा. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरी वाचते, हे नेहमीचं आहे.
- डिस्क कोरी दिसतेय, पण खालच्या बाजूला लिहिलेला आणि न लिहिलेला भाग वेगळ्या छटेत दिसतोय? मग ती 'फायनलाइज' केलेली नसेल. कॅमकॉर्डर किंवा डीव्हीडी रेकॉर्डरवर भरलेल्या डिस्कचं शेवटचं काम राहिलं की कॉम्प्युटरला ती रिकामी वाटते. ज्या यंत्रावर भरली त्याच्यावरच 'फायनलाइज' करणं सगळ्यात सुरक्षित. ते यंत्र कुणा काका-मामाकडे पडून असेल तर आधी ते शोधा.
- कॅमकॉर्डरची छोटी, ८ सेंटीमीटरची डिस्क फक्त ट्रेवाल्या ड्राइव्हमध्येच टाका. फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती अडकते.
- परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेली सिनेमाची डीव्हीडी चालत नसेल तर ते रीजनचं कुलूप असू शकतं. भारताचा रीजन ५ आणि अमेरिकेचा १. ड्राइव्हचा रीजन फक्त ५ वेळा बदलता येतो, नंतर तो कायमचा ठरतो. घरगुती डिस्कवर हे कुलूप सहसा नसतं.

पायरी ७: फाइल दिसते, व्हिडिओ नाही

विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवण्याची सोय विंडोजमधून काढून टाकली आहे. त्यामुळे सगळं बरोबर असूनही व्हिडिओ उघडत नाही. व्हीएलसी हा मोफत प्लेअर त्याच्या अधिकृत साइटवरून घ्या. 'मीडिया' मेनूतून 'ओपन डिस्क' केलं की काम झालं. जुन्या व्हीसीडीतल्या 'डॅट' फाइल्सही तो चालवतो.

ड्राइव्ह खरंच गेली का? शेवटची परीक्षा

यूएसबी ड्राइव्ह असेल तर मित्राच्या लॅपटॉपला लावून बघा. तिथे चालली तर घोळ तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे.

आतली ड्राइव्ह असेल तर रिकाम्या पेन ड्राइव्हवर उबंटू लिनक्स टाकून कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा आणि 'ट्राय', म्हणजे इन्स्टॉल न करता वापरून बघण्याचा पर्याय निवडा. 'इन्स्टॉल' निवडू नका. उबंटूत डिस्क उघडली तर ड्राइव्ह ठणठणीत आहे, बिघाड विंडोजमध्ये आहे. उबंटूतही दिसली नाही, केबल बदलूनही नाही, तर मात्र ड्राइव्ह बदलायची वेळ झाली. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं या कामात पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

ड्राइव्ह चालली? मग आजच कॉपी करा

ड्राइव्ह चालू झाली की आपण दोन मिनिटं व्हिडिओ बघतो, हसतो आणि डिस्क परत कपाटात ठेवतो. तसं करू नका. थकलेला लेझर आणि फिकी डिस्क पुढच्या वेळी साथ देतीलच असं नाही.

डीव्हीडीत 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर असतं, त्यात 'व्हीओबी' फाइल्स असतात. अख्खं फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करा. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी आणि सीडीत साधारण ७०० एमबी माहिती मावते, त्या हिशेबाने जागा ठेवा. मग हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने त्याची एमपी४ फाइल बनवा, ती कुठल्याही फोनवर चालते. आपल्याकडच्या डीव्हीडी बहुतेक ७२० बाय ५७६ च्या असतात, त्यामुळे फोनच्या स्क्रीनवर चित्र थोडं मऊ दिसेल. तो दोष तुमचा नाही, मूळ चित्रच तेवढं आहे. मूळ फोल्डर मात्र पुसू नका. एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डीव्हीडी ड्राइव्ह ओटीजीने थेट फोनला लावली तर?
बहुतेक अँड्रॉइड फोन अशी ड्राइव्ह फाइल मॅनेजरमध्ये दाखवत नाहीत आणि तिला पुरेशी वीजही देऊ शकत नाहीत. फोन बिघडलेला नाही. कॉम्प्युटरवर कॉपी करून मग फोनवर घेणंच बरं.

मॅकला ड्राइव्ह जोडली, पण काहीच दिसत नाही.
मॅकमध्ये रिकामी ड्राइव्ह फाइंडरमध्ये दिसत नाही, डिस्क टाकल्यावरच दिसते. आधी डिस्क टाका.

गाण्यांच्या सीडीवरून फाइल्स कॉपी केल्या, पण वाजत नाहीत.
त्या 'सीडीए' फाइल्स म्हणजे गाणी नाहीत, गाणं डिस्कवर कुठे आहे याच्या नुसत्या खुणा आहेत. त्यासाठी 'रिप' करावं लागतं. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये ती सोय आहे.

कॉपी करताना मधेच एरर येते.
डिस्क पुसून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाका आणि एकेक फाइल वेगळी कॉपी करा. एक फाइल खराब असली तरी बाकीच्या वाचतात.

शेवटी एवढंच

वीज, बायोस, ड्रायव्हर, अक्षर, डिस्क, प्लेअर. हा क्रम लक्षात राहिला तर दुकानात जाण्याआधीच तुम्हाला कळेल की बिघाड कुठे आहे, आणि "नवीनच घ्या" असं कुणी म्हणालं तर "का?" असं विचारता येईल. या रविवारी कपाटातल्या डिस्क बाहेर काढा, आई-बाबांना शेजारी बसवा आणि एकेक टाकून बघा. कुठल्या डिस्कमध्ये काय आहे, हे बऱ्याचदा फक्त त्यांनाच माहीत असतं. ते विचारून फाइलच्या नावातच लिहून ठेवा.